हाडाला कळायला हवं

"टेकव, अजून जोरात टेकव. मोडला की मग बस हॉस्पिटलातल्या त्या ताईच्या नावाने शंख करत."

आई हे बोलली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात होतो. एक कुबडी काखेत, दुसरी भिंतीला टेकवलेली, आणि मी माझ्या डाव्या पायावर उभा. हा डावा पाय साधा नाही. गुडघ्याच्या खाली एक स्टीलचं कडं, घोट्याच्या वर दुसरं. दोन्ही कड्यांतून सायकलच्या स्पोकसारख्या तारा आरपार गेल्यात, कातडीतून आत, हाडातून, पलीकडून बाहेर. आणि वरचं कडं खालच्या कड्याला चार आटेवाल्या दांड्यांनी जोडलेलं, जागोजागी नट. नवीन माणूस आधी पायाकडे बघतो, मग माझ्या तोंडाकडे, मग एकदम त्याला भिंतीवरचं घड्याळ फार आवडायला लागतं.

मी म्हटलं, टेकवायलाच सांगितलंय मला. तर आई म्हणाली, सांगणाऱ्यांचं काय जातंय, उचलली जीभ लावली टाळ्याला. पाय कुणाचाय? मी म्हटलं, माझा. ती म्हणाली, तुझा कसला, नऊ महिने मी वाढवलाय. मी कुबडी आपटली आणि खोलीत जाऊन पलंगावर पडलो.

भांडण पायाचं नव्हतंच, उद्याचं होतं. उद्या हॉस्पिटलात जायचं होतं आणि मोठे डॉक्टर ऑपरेशनची तारीख देणार होते. मागच्या फोटोत, म्हणजे एक्स-रेमध्ये, माझं नवीन हाड जिथे जाड व्हायला हवं होतं तिथे नुसता ढग दिसत होता. कमरेचं हाड खरवडून त्या जागी भरायचं, पुन्हा टाके, पुन्हा पलंग, आणि हे कडं अजून कितीतरी महिने. ते भरलेलं हाडही जुळेलच असं नाही, हे डॉक्टर स्वतःच म्हणाले. सही करायला वडिलांना आणा, म्हणाले.

सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर कळायचं नाही. शाळा मी सोडली. का सोडली ते सोडा. टाइल्सच्या गोदामात कामाला लागलो. एके दिवशी ट्रकचं मागचं फाळकं सुटलं आणि ते माझ्या नडगीवर बसलं. हाडाचा मधला तुकडा एवढा चुरला की काढूनच टाकावा लागला. उरलेली टोकं जुळवली तर पाय दोन बोटं आखूड. मग मोठ्या डॉक्टरांनी एक भलतंच केलं. गुडघ्याखाली चांगलं हाड होतं, तिथे ते मुद्दाम कापलं, आणि हे कडं बसवून म्हणाले, आता आपण ते ओढायचं.

मला वाटलं चेष्टा करतायत. पण खरंच ओढलं. दिवसातून चारदा मीच पाना घेऊन नट पाव-पाव फेरा फिरवायचो. दिवसभराचं मिळून नखाच्या जाडीएवढं अंतर वाढायचं, आणि त्या फटीत हाड तयार होत जायचं. औषधाने नाही, ओढण्याने. फार भराभर ओढलं तर आतलं सगळं तुटतं, फार हळू ओढलं तर हाड आधीच जुळून बसतं आणि पाय आखूडच राहतो. बरोबर ओढलं की पेशींना तो ताण कळतो. त्या ताणाच्या दिशेने रांगा लावून उभ्या राहतात आणि जागा भरत जातात. शाळेत असं काही शिकवलं असतं तर कदाचित बसलो असतो वर्गात.

हे मला ताईने सांगितलं. ताई म्हणजे हॉस्पिटलातली व्यायाम करून घेणारी. बुटकी, आवाज मोठा, आणि माझ्या तोंडाला तोंड देणारी सगळ्या हॉस्पिटलात एकटी.

पाय लांब झाल्यावर ओढणं बंद. मग नुसतं थांबायचं, ढगाचं हाड होईपर्यंत. त्यानंतर एक दिवस डॉक्टरांनी वरच्या कड्याखालचे चारही नट थोडे खाली उतरवले. कडं आणि नट यांच्यामध्ये बारीक फट सोडली, खेळातला पत्ता सरकवता येईल एवढी. म्हणाले, आता पूर्ण वजन टाकून चालायचं. त्या दिवशी आई बरोबर होती, बाबा ड्यूटीवर. आईने फट बघितली आणि तिचा चेहरा असा झाला की जणू कुणी आमच्या घराचं दार उघडं टाकून गेलंय.

मी ताईला विचारलं, सैल कशाला? आता तर घट्ट पाहिजे ना?

ती म्हणाली, "हे बघ. हाडात पेशी असतात. एकेक आपल्या बारक्या खोलीत, भोवती पाणी, आणि हात लांब करून शेजारणीचे हात धरलेले. तिला दिसत नाही, ऐकू येत नाही. तू पाय टेकलास की हाड दबतं, तुला कळणारही नाही एवढंसं. पण तिच्या खोलीतलं पाणी हलतं, तिच्या हातांवरून वाहतं. तेवढ्यावर ती ओळखते की वर कुणीतरी राहतंय, इथे भिंत जाड करा. आणि काहीच हललं नाही, तर तिला वाटतं घर रिकामं आहे. मग ती असलेल्या विटापण काढून न्यायला सांगते."

मी म्हटलं, म्हणजे वरच्या मजल्यावर कोण आलं कोण गेलं ते ऐकत बसणाऱ्या काकूसारखी.

ताई एवढी हसली की शेजारच्या टेबलावरच्या पेशंटने मान वळवली. तेव्हापासून आमच्यात त्या पेशींचं नाव काकू. "काकूंना आज किती फेऱ्या ऐकवल्या?" हे ती दर वेळी विचारायची. नट सैल का, तर कडं घट्ट असलं की सगळं वजन दांड्यांवरून खाली जातं, हाडाला काही कळतच नाही. फट ठेवली की वजन हाडावर येतं.

मी चाललो. खरंच चाललो. गल्लीच्या टोकाच्या पिठाच्या गिरणीपर्यंत, मग बसस्टॉपपर्यंत, मग पुलापर्यंत. पहिल्या दिवशी पाऊल टाकलं की पायातून टिक असा आवाज यायचा, कडं नटावर बसायचं, आणि दुखणं थेट दाढेत जायचं. नंतर आवाज बंद झाला, दुखणंही कमी झालं. मला वाटलं, हाड भरतंय.

आणि फोटोत ढग.

मोठे डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, चालतोयस ना रे? मी म्हटलं चालतोय. त्यांनी पेन असं टेबलावर वाजवलं की मला समजलं. शाळा सोडलेलं पोर, चालतंय कसलं, मोबाईल घेऊन लोळत असेल. ताईनेही बाहेर हळूच विचारलं, खरं सांग, मी रागावणार नाही. मला तिथेच तिचं ते टेबल उलथून टाकावंसं वाटलं. घरी आई म्हणते, फार चालतोस म्हणून हाड भरत नाही. हॉस्पिटल म्हणतं, चालत नाहीस म्हणून. मी तिकडे खोटारडा आणि इकडे आगाऊ.

तर त्या भांडणानंतर मी पलंगावर पडलो होतो. उशी पायाखाली घ्यायला वाकलो आणि तसाच थांबलो.

फट नव्हती.

वरच्या कड्याखाली चारही नट कड्याला चिकटून बसलेले. नख घालून बघितलं, जाईना. पहिला विचार हा, की हाड खचलं. ढग दबला आणि कडं खाली येऊन नटावर बसलं. म्हणजे आई म्हणते तेच बरोबर, मी माझ्याच वजनाने पाय पुन्हा आखूड केला. आईला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण काय सांगणार होतो?

मग डोकं चालायला लागलं. कड्याच्या वरच्या बाजूलाही नट आहेत, त्यांना कुणी हात लावलेला नव्हता. कडं खाली सरकलं असतं तर वर फट पडली असती. वर बघितलं. तिथेही नख जाईना. कडं जागच्या जागी होतं. म्हणजे कडं खाली आलं नाही, नट वर आला. आणि नटाला पाय नसतात.

नीट बघितलं तर प्रत्येक खालच्या नटाचे दोन कोपरे घासून चकचकीत झालेले. पान्याने आवळल्यावर होतात तसे.

आमच्या घरात पाना कुणाच्या खिशात असतो हे सांगायची गरज नाही. बाबा फिटर आहेत, पत्र्याचे भाग कापणाऱ्या प्रेसवर. कारखान्यात त्यांना पक्कड म्हणतात. त्यांनी आवळलेला नट दुसऱ्याच्याने निघत नाही म्हणून. घरातल्या खुर्च्या, पंख्याचा दांडा, कुकरच्या दांडीचा स्क्रू, येताजाता प्रत्येक गोष्टीला त्यांचा अंगठा लागतो. हलतंय का ते बघायला.

माझ्याशी ते मी शाळा सोडल्यापासून बोलत नव्हते. बोलायचंच असेल तर आईमार्फत. "त्याला सांग, जेवून घे." मी समोर बसलेला असतानासुद्धा. पण पायाच्या तारा जिथे कातडीत शिरतात त्या जागा रोज सकाळी पुसाव्या लागतात, नाहीतर पू होतो. आईला ते बघवत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून बाबाच पुसतात, ड्यूटीला जायच्या आधी. एक अक्षर न बोलता. मी तोंडावर उशी घेऊन पडतो, कारण झोंबतं, आणि झोंबताना माझं तोंड त्यांना दिसू नये एवढीच माझी इच्छा असते. त्या उशीखाली मला काय कळणार पाना कधी फिरला ते.

मी कुबड्या न घेता स्वयंपाकघरात गेलो. आई ओरडायला वळली. मी विचारलं, बाबांनी नट आवळलेत, तुला माहितीये?

तिने पदर खोचला, परत काढला. मग म्हणाली, मीच सांगितलं त्यांना. डॉक्टरांनी घाईत नट ढिले ठेवले, गर्दी होती, विसरले असतील. तुझे बाबा म्हणाले, बघतो. दुसऱ्या दिवशी आवळले. मध्ये एकदा थोडे सुटले होते, परत आवळले. त्यात काय वाईट केलं? पडला असतास तर?

म्हणजे मी एवढे दिवस पुलापर्यंत जात होतो आणि माझं सगळं वजन बाबांच्या नटांवरून जमिनीत जात होतं. हाडाच्या खोल्यांत पाणी हललं नव्हतं. काकू बिचाऱ्या कान लावून बसलेल्या आणि वर चिडीचूप. मी गेलो काय आणि आलो काय.

मी म्हटलं, उद्या डॉक्टरांना सांगतो.

आईने माझं मनगट धरलं. एवढ्या लोकांत नको, ती म्हणाली. सांग की आपोआप घट्ट झाले. सांग की मला माहीत नाही. त्यांची शोभा करू नकोस, अख्ख्या आयुष्यात कुणी त्यांच्या कामावर बोट ठेवलं नाही. मी म्हटलं, आणि माझी कंबर खरवडली तरी चालेल? ती रडायला लागली. ती रडली की मला अजून राग येतो, कारण मग भांडता येत नाही.

बाबा यायच्या आधी, ओढायचं असताना मी वापरायचो तो पाना एकदा हातात घेतलासुद्धा. नटावर लावला. पण किती उतरवायचा? डॉक्टरांनी बघून बघून सोडलेली फट होती. जास्त उतरवला आणि हाड सरकलं तर? ओढायचं असताना मला फेरे सांगितलेले होते, हे कुणी सांगितलं नव्हतं. पाना खाली ठेवला. आणि समजा जमलंही असतं, तरी उद्या तो ढगाचा फोटो बघून तारीख तर मिळणारच होती. ढग का आहे हे कुणीतरी सांगितल्याशिवाय ती टळणार नव्हती.

बाबा संध्याकाळी आले. चपला दारात सरळ रेषेत लावल्या, हात धुतले, आईने काही बोलायच्या आत मी समोर जाऊन उभा राहिलो. पाय पुढे केला. विचारलं, हे कुणी आवळले?

ते आईकडे बघून म्हणाले, "त्याला सांग, ढिला नट म्हणजे अपघात."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तिला काय सांगताय, मी इथे आहे. माझा पाय म्हणजे तुमची प्रेस नाही. प्रेसच्या आत कुणी राहत नाही, माझ्या हाडात राहतं. त्यांना दाबलेलं कळलं तर ते हाड बांधतात, नाहीतर मोडून नेतात. तुम्ही त्यांना कळूच दिलं नाहीत. सगळं जग म्हणतंय मी चालत नाही, आणि मी रोज चाललोय, आणि आता माझी कंबर कापणार आहेत तुमच्या पान्यामुळे.

बाबांच्या हातात टॉवेल होता. त्यांनी तो घडी केला, परत उलगडला. मग वाकून माझ्या नटाकडे बघितलं. हात लावला नाही, नुसतं बघितलं, बराच वेळ. कानाची पाळी लाल झाली होती. मग उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. चपला घालताना आधी उलट्या घातल्या. आई म्हणाली, झालं तुझं समाधान?

माझं काही समाधान झालं नव्हतं. बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी पाय पुसायला आले, पुसला, गेले. उशी मी घेतलीच नाही तोंडावर, मुद्दाम. पण त्यांनी मान वर केली नाही. हॉस्पिटलात येणार की नाही हेसुद्धा बोलले नाहीत. रिक्षात आई आणि मी दोघंच. ती सारखी माझा गुडघा थोपटत होती आणि मी सारखा तिचा हात काढत होतो.

बाबा हॉस्पिटलच्या दारात उभे होते. कारखान्याच्या कपड्यात, अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन.

डॉक्टरांच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या आणि बाबा बसले नाहीत. ताई दाराशी उभी होती, हाताची घडी घालून. डॉक्टरांनी फोटो उजेडाच्या पेटीवर लावला. तोच ढग. मग बाबांना समजावून सांगायला लागले, कमरेतून हाड कसं घेतात, किती दिवस पडून राहायचं, काय धोके. मध्ये मला पुन्हा विचारलं, तू चालत होतास ना? मी म्हटलं, हो. ते म्हणाले, हे बघ, आता तरी खरं बोल, म्हणजे आम्हाला ठरवता येतं.

आईने टेबलाखाली माझा हात एवढा दाबला की नखं रुतली. एक शब्द आणि सगळं बाहेर पडलं असतं, आणि ते नुसतं सांगणं नसतं झालं. मला स्वतःला माहितीये, मी एकदा सुरू झालो की थांबत नाही. मी तोंड उघडलं.

टेबलावर ठण्ण असा आवाज झाला. बाबांनी खिशातून पाना काढून ठेवला होता. डॉक्टरांच्या कागदांवर, मधोमध.

"नट मी आवळले," ते म्हणाले. "तुम्ही सैल केल्याच्या दुसऱ्याच दिवशी. नंतर परत एकदा. मुलगा चालत होता. मी पुलावर बघितलंय त्याला, मागून."

मागून बघितलंय हे मला माहीत नव्हतं. डॉक्टर पान्याकडे बघत राहिले, मग उठून माझ्या पायाशी आले, वाकले, नखाने फट शोधली. चारही नट. आता ते चिडतील म्हणून आईने डोळे मिटले होते. आणि ते चिडलेच. आवाज चढवला नाही, पण म्हणाले, तुमच्या मशीनवर उद्या मी येऊन माझ्या मनाने एखादा स्क्रू फिरवला तर चालेल का तुम्हाला? बाबा म्हणाले, नाही चालणार. डॉक्टर म्हणाले, मग विचारायचं होतं. बाबा म्हणाले, हो. विचारायचं होतं.

मग बाबांनीच विचारलं, "म्हणजे त्याला कळलंच नाही का?"

"कुणाला?"

"हाडाला. हा चालतोय ते."

डॉक्टर परत खुर्चीत बसले. नाही, म्हणाले, सगळा भार तुमच्या नटांनी घेतला. चांगले आवळले होते तुम्ही. बाबा खाली बघत म्हणाले, नटाचं कामच ते आहे. दाराशी ताई हसली, आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

मग डॉक्टरांनी फोटो काढून पुन्हा लावला, जणू आता वेगळा दिसेल. म्हणाले, हाड हरलं असं म्हणता येत नाही, त्याला कुणी कामालाच लावलं नव्हतं. पण भरेलच असंही म्हणत नाही. एवढे दिवस भार नाही म्हणजे असलेलं हाडही मऊ झालं असेल. ऑपरेशनची तारीख देऊन ठेवतो, पुढच्या महिन्यातली. त्याच्या आधी एक फोटो. त्यात काही दिसलं तर बघू, नाही दिसलं तर ह्यात बदल नाही.

त्यांनी स्वतः नट उतरवले. मला उभं केलं, कुबड्या ताईने काढून घेतल्या. पाऊल टाक, म्हणाले. मी टाकलं. टिक. आणि ते दुखणं, जे मी विसरलो होतो, नडगीतून उसळून थेट कानशिलात गेलं. मला वाटलं तुटला. मी टेबलाची कड धरली. आईने किंकाळी दाबली. बाबांचा हात आपोआप पुढे आला, माझ्या दंडाकडे नाही, खाली, नटाकडे. मग त्यांनी तो मागे घेऊन पाठीशी धरला.

पाना डॉक्टरांनी परत दिला नाही. खणात टाकला. घरी जाताना बाबांचा हात दर थोड्या वेळाने रिकाम्या खिशाकडे जायचा.

त्यानंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत, सगळे एकसारखे. सकाळी पुसणं, मग चालणं, बाबांची ड्यूटी संपल्यावर परत चालणं. फरक एवढाच की आता बाबा बरोबर यायचे. पुढे नाही, शेजारी नाही, दोन पावलं मागे. मी म्हटलं, असं मागून येऊ नका, मला चोर असल्यासारखं वाटतं. तर शेजारून यायला लागले. गप्पा नाहीतच. एकदा फक्त म्हणाले, टाच आधी टेकव. पहिल्यांदा मला, आईमार्फत नाही. मी म्हटलं, टेकवतोय की. तेवढंच.

पाय पुसताना त्यांची खरी परीक्षा असायची. मी आता उशी घेत नाही, त्यामुळे दिसतं. गॉजने तार पुसतात, नटापाशी येतात, बोट नटाला लागतं आणि नट जरासा हलतो. त्या वेळी त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. उघडी जखम बघितल्यासारखं करतात. एकदा त्यांनी उजवा हात चक्क मांडीखाली दाबून ठेवला आणि सगळं डाव्याने पुसलं. मला हसू आलं, पण मी खोकलो, ताईसारखा.

एकदा मात्र जीव गेला होता. पुलाच्या पायऱ्या उतरताना माझा पाय घसरला आणि पूर्ण वजन आदळलं. कड्याचा आवाज टिक नाही, ठक आला. मी तिथेच खाली बसलो, डोळ्यांपुढे काजवे. बाबा माझ्यापुढे उकिडवे बसले, लोक बघत होते, आणि त्यांनी डोकं अगदी माझ्या नडगीपर्यंत नेऊन एकेक नट बघितला. मी विचारलं, खचलं का? माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मी परत विचारलं, बाबा, खचलं का, सांगा. त्यांनी खिशातून बसचं तिकीट काढलं, दुहेरी घडी केली, खालच्या फटीत सरकवून बघितलं. चारही ठिकाणी. मग वरच्या बाजूला. वर ते शिरलं नाही.

"आहे तिथेच आहे," म्हणाले. "ऊठ."

मी उठलो. घरी पोचेपर्यंत त्यांच्या शर्टाची पाठ घामाने चिकटली होती आणि त्या दिवशी ऊन नव्हतं.

नवीन फोटो काल काढला. ह्या वेळी बाबा खुर्चीत बसले. आईने डोळे मिटायची तयारी आधीच केली होती. डॉक्टरांनी पेटी लावली आणि ढग तसाच होता. मग त्यांनी पेनच्या टोकाने ढगाची कड दाखवली. तिथे एक पांढरी रेघ होती, केसासारखी, वरच्या हाडापासून खालच्या हाडापर्यंत. ही एका बाजूची, पूर्ण; ढगाच्या दुसऱ्या कडेला तशीच रेघ, पण तुटक. मागचा फोटो शेजारी धरला तेव्हा नक्की दिसली, मागच्यात नव्हती. ताईने माझ्या कानात म्हटलं, काकू जाग्या झाल्या.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची तारीख काढून टाकतो. पण खूश होऊ नका, ही रेघ आहे, भिंत नाही. दुसरी बाजू तुटक आहे कारण तू बाहेरच्या कडेवर वजन टाकतोस, आतल्या बाजूला भारच जात नाही. चाल सुधार, सरळ टाक पाऊल, आणि आता आहे त्याच्या दुप्पट. रोज. एक दिवस चुकला तर हाड वाट बघत बसत नाही. मी म्हटलं, दुप्पट म्हणजे पुलाच्या पलीकडे. ते म्हणाले, पुलाच्या पलीकडे जग संपत नाही ना?

आज सकाळी पुलाच्या पलीकडे जायला निघालो. आतल्या बाजूने वजन टाकलं की दुखणं वेगळ्याच जागी येतं, घोट्याच्या वर, आणि दर पावलाला वाटतं की आता नाही जमणार. अर्ध्यात परत फिरलो. बाबांनी घड्याळ बघितलं फक्त आणि म्हणाले, उरलेलं संध्याकाळी. मला राग आला. उरलेलं म्हणजे काय, मी काय उधारीवर चालतोय? पण तुटकी बाजू तुटकीच राहिली तर तारीख परत लागायला वेळ लागणार नाही, हे मला त्यांच्याइतकंच माहितीये.

संध्याकाळ झाली, आता बाबा खाली उभे आहेत. दोनदा हाक मारून झाली, आई कुबड्या घेऊन दारात आली होती आणि मी त्या घेतल्या नाहीत म्हणून पुन्हा सुरू झाली आहे. मला आता निघायला हवं.